पाण्यातले पंचायतन

दिवाणखान्यातल्या ६० सेंटिमीटर लांबीच्या काचेच्या टाकीपुढे मी सलग तीन रविवार मांडी घालून बसलो, तेव्हा तिच्यात पाण्याचा थेंबही नव्हता. होती ती फक्त माती आणि पाच दगड. जपानी बागेतली दगडांची रचना पाणवनस्पतींच्या टाकीत आणणारे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांच्या ‘इवागुमी’ पद्धतीने मला ती सजवायची होती. तिच्यात दगड हेच सर्वस्व असतात. बाकी एखाददुसऱ्या जातीची हिरवळ आणि भरपूर मोकळी जागा.

या मांडणीसाठी नावाजलेला ‘सेइर्यू’ दगड महाग तर असतोच, शिवाय त्यातला चुना विरघळून पाणी जड होते. पुणेकराला दगडाची वानवा कशाला असावी? शेजारच्या इमारतीचा पाया खणताना निघालेल्या ढिगातून परवानगी घेऊन मी काळा पाषाण आणला, घासून धुतला आणि त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले. काळ्या भागावर काहीच घडले नाही, पण एका दगडाच्या पांढऱ्या गाठींवर बारीक बुडबुडे आले. दिसायला सर्वांत देखणा असलेला तो दगड नाइलाजाने कुंडीत गेला.

उरलेल्यांतला सर्वांत मोठा तो ‘ओयाइशी’. त्याला मधोमध बसवायचे नाही, एका बाजूला साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, किंचित कललेला ठेवायचा; ‘फुकुइशी’ आणि ‘सोएइशी’ या दुय्यम दगडांनी त्याच्या कलाला साथ द्यायची, आणि सगळ्यांच्या रेषा एकाच दिशेने वाहायला हव्यात. दगड ठेवलेला नव्हे, तर जमिनीतून वर आलेला वाटावा म्हणून त्याचा बराचसा भाग मातीत पुरावा लागतो. हे जमेना, म्हणून मी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेल्या त्या बागेत, दगडांचे बूड न्याहाळत एक सकाळ घालवली. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांना माझे काहीतरी हरवले आहे असे वाटले.

आईने मात्र दगड मोजले आणि म्हणाली, “पाच? अरे, हे तर पंचायतनच मांडलंस.” तिच्या देव्हाऱ्यात नर्मदेचा बाण आणि गंडकीचा शाळिग्राम आहेच, पण तिथे मुख्य देव मध्ये आणि बाकीचे चार कोपऱ्यांत, कुणावर अन्याय नाही. इवागुमीलाही विषम संख्याच लागते, मात्र दोन्ही बाजू सारख्या झाल्या की मांडणी मेलीच. शिवाय त्यात ‘सुतेइशी’ असतो, म्हणजे शब्दशः टाकून दिलेला दगड. हिरवळ वाढली की तो झाकला गेला तरी चालते.

“झाकलाच जाणार, तर तीन रविवार त्याच्यापायी कशाला?” आईने विचारले. त्या वेळी मी चिमट्याने हिरवळीसाठी ग्लोसोस्टिग्मा या पाणवनस्पतीची रोपे एकेक करून लावत होतो, म्हणून गप्प राहिलो.

शेवटी मातीवर ताटली ठेवून, तिच्यावर हळूहळू पाणी ओतले. दगड ओले होऊन काळेभोर झाले, आणि पाण्यामुळे समोरून टाकीची खोली जवळजवळ पाव हिश्श्याने आटल्यासारखी दिसू लागली. मागे दूरवर ठेवलेला सुतेइशी थेट ओयाइशीच्या खांद्याला टेकल्यासारखा वाटत होता. आईने नुसते माझ्याकडे पाहिले. मी बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.