सोळा मिनिटं एक सेकंद

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज शेवटी चारही बाजू ऐकल्या. अमेरिकन रॉक गायक-गिटारवादक लू रीडचा ‘मेटल मशीन म्युझिक’, १९७५ सालचा डबल एलपी, म्हणजे दोन तबकड्या. मामेभावाने न्यूयॉर्कहून जुनी प्रत आणून दिली होती. दोन महिने ती कपाटातच पडून होती, कारण आई घरात असताना लावायचा धीर होत नव्हता.

यात शब्द नाहीत, ताल नाही, चाल तर नाहीच. रीडने गिटारी अँपला (अँप्लिफायरला) टेकवून ठेवल्या. कार्यक्रमात माईक स्पीकरसमोर आला की जी शिट्टी बसते आणि सगळे कानांवर हात ठेवतात, तीच इथे मुद्दाम आणलेली. अँपच्या आवाजाने तारा थरथरतात, तीच थरथर पुन्हा अँपमध्ये जाते. बोट न लावता गिटार वाजत राहते. डाव्या स्पीकरमधून एक, उजव्यातून दुसरंच काहीतरी.

पहिल्या पाच मिनिटांतच आतून आवाज आला, “मिक्सर कुणी चालू ठेवलाय?” मग आई शेंगांची परात घेऊन बाहेरच येऊन बसली. तरुणपणी बारा वर्षं किराणा घराण्याचं गाणं शिकलीये ती. थोडा वेळ सोलत ऐकत होती. म्हणाली, “अरे, हा तंबोराच जुळवतोय. पण जुळतच नाहीये बिचाऱ्याचा.”

हसलो खरा, पण नंतर तेवढंच ऐकू यायला लागलं. तंबोरा नीट लागला की खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या तारेतून, स्वयंभू गंधार उमटतो, कुणीही न छेडलेला. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला, दोरा केसभर सरकला की गायब. या तबकडीतही न छेडलेले स्वर ढिगाने आहेत. एखादा वर येतो, चमकतो, गर्दीत बुडतो. सा मात्र कुठे सापडत नाही.

रीडने कव्हरवरच्या मजकुरात अमेरिकन संगीतकार ला माँट यंगच्या ‘ड्रीम म्युझिक’चं नाव घेतलंय (तेही चुकीचं छापून!). यंगकडे व्हायोला वाजवणारा जॉन केल पुढे रीडबरोबर वेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडमध्ये होता. आणि यंग १९७० पासून पंडित प्राणनाथांचा शिष्य, म्हणजे किराणा घराणंच. आईला सांगितलं. “अब्दुल वहीद खाँसाहेबांच्या शागिर्दाने हे शिकवलं?” (प्राणनाथांचे गुरू ते.) नाही, तसं नाही. यंगचा ड्रोन, म्हणजे तंबोऱ्यासारखा सलग धरलेला स्वर, प्राणनाथ भेटण्याच्या आधीचा. ओढूनताणून नाती जोडायची आपल्याला फार हौस.

लेबलवर प्रत्येक बाजूची वेळ १६:०१. दर वेळी उठायचं, उलटायचं, ब्रश फिरवायचा. माझी प्रत ओरखडलेली आहे, पण खरखर धुळीची कुठली आणि रीडची कुठली, कोण सांगणार? तिसरी बाजू संपल्यावर घर एकदम रिकामं झालं. त्यात आई म्हणाली, “फ्रिजची घरघर पेटीच्या पांढरी पाचच्या किंचित वर आहे.”

चौथ्या बाजूच्या वेळेपुढे ‘किंवा अनंत’ असं चिन्ह छापलंय. शेवटची खाच स्वतःतच मिटलेली, त्यामुळे सुई उचलेपर्यंत तोच १.८ सेकंदांचा तुकडा फिरत राहतो. तासभर पसरलेल्या कल्लोळाला अचानक आवर्तन आलं, तारा एकामागून एक छेडल्यासारखं.

मी सुई उचलायला उठलो. आईने शेंग धरलेल्या हातानेच थांब म्हणून खुणावलं, डोळे मिटले आणि हलकेच सा लावला.