सोलमधील रक्तदाबाचे यंत्र

गेली नऊ वर्षे रक्तदाबाची गोळी घेत असल्यामुळे परक्या गावी पोहोचलो की माझी नजर आधी औषधांचे दुकान शोधते. सोलमध्ये मुक्कामाच्या जवळच 'जुमिन सेंटर', म्हणजे आपल्याकडचे प्रभाग कार्यालय म्हणता येईल असे एक ठिकाण होते आणि तेथे दाखल्यांच्या खिडकीशेजारी चक्क रक्तदाबाचे यंत्र ठेवलेले होते. नळकांड्यात हात सरकवून बटण दाबले की आकड्यांची चिठ्ठी बाहेर येते. माझ्या पुढच्या आजींनी ती चिठ्ठी चष्मा वर करून वाचली, चार घड्या घातल्या आणि बटव्यात ठेवून दिली.

अशा यंत्रांचे महत्त्व आकडे पाहिल्यावर कळते. 1998 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणानुसार त्या वर्षी उच्च रक्तदाब असलेल्या कोरियन प्रौढांपैकी जेमतेम चौथ्या भागाला आपल्या आजाराची कल्पना होती आणि रक्तदाब आटोक्यात असलेले तर शंभरात पाचच होते. वीस वर्षांनी रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण वाढून जवळपास निम्मे झाले. उच्च रक्तदाबाचे रुग्ण फारसे घटलेले नाहीत. बदलले ते निदान आणि उपचार, आणि त्यामागे आरोग्य विम्यातून दर दोन वर्षांनी होणारी तपासणी आहे.

तंबाखूचेही तसेच. 1998 मध्ये सुमारे दोन तृतीयांश पुरुष धूम्रपान करीत. 2022 मध्ये ते 30 टक्क्यांच्या आसपास उरले. जानेवारी 2015 मध्ये पाकिटाची किंमत 2,500 वॉनवरून एकदम 4,500 वर गेली आणि सर्व खानावळींत धूम्रपानबंदी आली. रस्त्याकडेच्या काचेच्या खोलीत दाटीवाटीने झुरके मारणारे कार्यालयीन पुरुष पाहताना मला त्यांची थोडी दयाच आली.

रविवारी बुखानसान या डोंगरावर गेलो. 836 मीटरच्या बेगुन्डे शिखराकडे पोलादी दोर धरून चढणारी सत्तरीतली मंडळी मला सहज मागे टाकत होती. हे दृश्य मात्र फसवे आहे, कारण याच देशात 25 किंवा अधिक देहभारांक (वजन आणि उंचीवरून काढलेला बीएमआय) असलेले, म्हणजे तिथल्या मोजमापाने लठ्ठ, पुरुष 1998 मध्ये चौथा हिस्सा होते आणि 2020 मध्ये जवळपास निम्मे झाले, तर स्त्रियांचे प्रमाण पाव हिस्स्याच्या आसपासच रेंगाळले. वाढलेल्या कोलेस्टेरॉलचे प्रमाणही 2005 नंतर दुपटीहून अधिक झाले. सिगारेट सुटली तरी पोट सुटलेच. बैठी नोकरी, रात्रीचे जेवण आणि सहकाऱ्यांबरोबरचे मद्यपान यांकडे बोट दाखवायचा मोह मला होतो, पण हा माझा अंदाज आहे.

मिठाच्या बाबतीत कोरियाने खरोखर मोठी मजल मारली आहे: 2010 च्या सुमारास दरडोई रोज सुमारे 4,800 मिलिग्रॅम असलेले सोडियम दहा वर्षांत 3,200 च्या आसपास आले. तरीही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 2,000 ची आहे. हान नदीकाठच्या दुकानात यंत्रावर उकळलेले राम्यन, म्हणजे रस्सेदार नूडल, घेतले, तेव्हा पाकिटावर 1,790 हा आकडा छापलेला होता. नूडल खाऊन पाणी टाकून द्यावे, असा सल्ला मला ठाऊक होता. पण वारा गार होता, रस्सा लाल आणि वाफाळता होता, आणि मी वाटी तळापर्यंत रिकामी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी जुमिन सेंटरवरून जाताना मी आत गेलो नाही.