तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं का?

फ्रॉकच्या गळ्यातून लेकीची छातीवरची उभी खूण दिसली की हमखास प्रश्न येतो, "हृदयाला छिद्र होतं का गं? बुजवलं ना आता?" मी नाही म्हटलं की समोरचीचा चेहरा पडतो, म्हणून आज सगळं नीट सांगते.

बुजवलं नाही, उलट ते छिद्र होतं म्हणून ती जगली. तिला ट्रायकस्पिड अट्रेशिया आहे, म्हणजे उजवीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप बनलीच नाही आणि फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा खालचा कप्पा खुरटलेलाच राहिला. शरीरातून आलेल्या अशुद्ध रक्ताला पुढे जायला एकच वाट, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र. पोटात असताना प्रत्येक बाळाची एक रक्तवाहिनी उघडी असते, तिच्यातून फुप्फुसांना रक्त मिळत होतं म्हणून आमचे पहिले काही दिवस निभावले, ती मिटायला लागली आणि दूध पिताना पोरीचे ओठ जांभळे पडले.

मग शंट, म्हणजे शरीराकडे जाणारं थोडं रक्त फुप्फुसांकडे वळवणारी जोडणी. हे ऑपरेशन पहिल्यांदा 1944 मध्ये बाल्टिमोरला झालं. कल्पना डॉक्टर हेलन टॉसिग यांची, सर्जन ब्लेलॉक, आणि कुत्र्यांवर प्रयोग करून पद्धत बसवली व्हिव्हियन थॉमस यांनी, ज्यांच्याकडे डॉक्टरकीची डिग्रीच नव्हती. मला त्या माणसाबद्दल फार वाटतं. सहाव्या महिन्यात ग्लेन झालं, म्हणजे डोक्या-हातांकडून येणारं रक्त हृदयात न नेता थेट फुप्फुसांच्या धमनीला जोडलं, आणि तेव्हाच पडद्यातलं छिद्र सर्जननी अजून मोठं केलं.

चौथ्या वर्षी फॉन्टन. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टर फॉन्टन यांनी 1971 मध्ये ते छापून मांडलं, नेमकं ह्याच आजारासाठी. खालच्या धडाचं रक्तसुद्धा ट्यूबमधून सरळ फुप्फुसांत, मध्ये पंपच नाही, आपण श्वास घेतो त्याच्या ओढीनं आणि शिरांमधल्या दाबानं ते पुढे सरकतं. ते सुरळीत व्हायला वेळ लागतो, आमच्या छातीतल्या नळ्यांमधून बारा दिवस पाणी येत होतं आणि मी रोज ती बाटलीवरची रेघ बघत बसायचे, आज दहा मिलीने कमी, उद्या परत जास्त. आणि त्या ट्यूबलाही सर्जननी मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलंय, दाब वाढला तर रक्ताला पळवाट हवी म्हणून. त्याने ऑक्सिजन थोडा कमी राहतो, तिचा 92 असतो, चालतं.

म्हणजे "पूर्ण बरी" असं नाही म्हणता येत. रक्त पातळ ठेवायची गोळी, लिव्हरवर लक्ष, दरवर्षी इको, हे जन्मभर. पण ती पळते, सायकल चालवते, भांडते. शाळेच्या पीटीच्या सरांना मी एवढंच लिहून दिलंय की तिला खेळू द्या, फक्त ती स्वतःहून खाली बसली की "अजून एक राउंड" म्हणू नका.