केस नाहीत म्हणून काम नाही?

मंडळाच्या गणपतीत भेटलेली माणसं असोत की पुण्याहून आलेला फोन, माझ्या मांजरीचा विषय निघाला की प्रश्न एकच असतो. “केस गळत नाहीत म्हणजे कटकटच नाही. आम्हीही घेऊ का तसलं मांजर?” कुणाच्या मुलाला ॲलर्जी असते, कुणाला सोफ्याची काळजी. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते: घेऊ नका.

आमची सोनी एल्फ जातीची. बिनकेसाची स्फिंक्स आणि मागे वळलेल्या कानांची अमेरिकन कर्ल या दोन जातींचा संकर करून ही जात अमेरिकेत तयार केली. बिनकेसाचं पिल्लू 1966 साली टोरांटोत एका साध्या मांजरीला आपोआप झालं होतं. मागे वळलेले कान 1981 साली कॅलिफोर्नियात एका भटक्या मांजरीत दिसले. पुढे या दोन गोष्टींची माणसाने मुद्दाम गाठ घातली. आम्ही राहतो त्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचे आमचे शेजारी देश सोडून जाताना सोनीला आमच्याकडे ठेवून गेले. विकत आणलेली नाही, हे आवर्जून सांगते.

मांजराच्या कातडीतून तेल सुटतं. केस असले की ते केसांवर पसरतं. सोनीच्या बाबतीत ते अंगावरच राहतं. चार दिवसांत ती हाताला चिकट लागते, उशीवर पिवळट डाग पडतात, नखांच्या मुळाशी काळा मळ साचतो. म्हणून दर रविवारी आंघोळ. आई साताऱ्याहून आली तेव्हा पहिल्यांदा बघून म्हणाली, “अगं, हिला कुणी भादरलं?” तिसऱ्या रविवारी मात्र तीच बाथरूममध्ये पाय लांब करून बसली आणि तान्ह्या बाळासारखं सोनीला पायांवर घेतलं. सोनीला पापण्यांचे केसही नाहीत, म्हणून कपाळावर हात आडवा धरून पाणी घातलं. मानेच्या वळ्या एकेक उकलून पुसल्या. “थोडं तेल लावू का गं?” “नको आई, तेलच तर काढतोय.” मग पटकन टॉवेल, कारण ओली राहिली की ती लगेच कुडकुडते.

कानांचं मला अजूनही दडपण येतं. आत चहाच्या रंगाचा मळ भरतो आणि तो सारखा काढावा लागतो. पण वळलेल्या कानाची कूर्चा ताठ असते, उलट बाजूला वाकवली तर इजा होते. त्या वेळी घरात कुणी माझ्याशी बोललेलं मला चालत नाही.

थंडीत सुती अंगरखा, उन्हाळ्यात बाल्कनीचं दार बंद, कारण तिची कातडी उन्हाने भाजते. ऊब टिकवायला ती खातेही जास्त. स्फिंक्सच्या वंशात हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, म्हणून दरवर्षी सोनोग्राफी. आणि ॲलर्जी केसांची नसतेच. ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीच्या तेलग्रंथींतल्या प्रथिनाची असते. ते सोनीकडेही आहे.

मला सगळ्यात लागतं ते तिच्या मिशांचं. मांजर मिशांनी अंधारात वाट चाचपतं. सोनीच्या मिशा म्हणजे दोन-तीन तुटके, वळलेले केस. कुणाच्या तरी हौसेपायी तिच्याकडून हे काढून घेतलं गेलं, याचा मला राग येतो.

नेदरलँड्समध्ये अशा मांजरांची पैदास 2014 पासून बंद आहे. 1 जानेवारी 2026 पासून ती नव्याने पाळायलाही बंदी आली. आधी जन्मलेल्या, ओळखीची चिप बसवलेल्या मांजरांना शेवटपर्यंत आपल्या घरी राहता येतं. बातमी ऐकली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. सोनीच्या चिपचे कागद शोधून हातात घेतले तेव्हा जीव भांड्यात पडला. मग शांतपणे सगळं वाचलं आणि मला तो कायदा पटला. ती माझ्या पोटाशी झोपते, म्हणूनच पटला.

तुम्हाला मांजर हवंच असेल तर एखाद्या निवाऱ्यातलं साधं, केसाळ, मिशीवालं आणा. त्यासाठी लागेल ती मदत मी करेन.

रात्री सोनी अर्धवट उघड्या दारापाशी येऊन थांबते, लाकडाला नाक लावते, अंदाज घेते आणि मगच आत येते. पॅसेजमधला छोटा दिवा आम्ही रात्रभर चालू ठेवतो.