ड्रेस्डेनचा जुना बाजार आणि आजोबांची बाटली

परवाच्या शनिवारी एका स्टॉलवाल्याने मला जे ऐकवलं ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज लिहायला बसले.

इथे ड्रेस्डेनला एल्ब नदीच्या काठी, आल्बर्ट पुलापाशी, शनिवारी जुना बाजार भरतो. पुण्याच्या जुन्या बाजारासारखाच, फक्त गोंगाट नाही. मी एका टेबलावर दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैन्याची जुनी पाण्याची बाटली हातात घेऊन मान वाकडी करून शिक्का शोधत होते, तर तो माणूस म्हणाला, "तुम्ही इंडियाच्या ना? मग नीट बघून घ्या, ह्या सगळ्या नकला तुमच्याकडूनच येतात." आजूबाजूचे दोघं हसले. मी बाटली खाली ठेवली आणि निघून आले. उत्तर सुचलं ते ट्रॅममध्ये बसल्यावर.

तर ते उत्तर इथे देते. हो, नकला भारतात बनतात. हेल्मेट, चामड्याचे पट्टे, बूट, पिशव्या, सगळं बनतं आणि चांगलं बनतं. सिनेमावाले आणि जुन्या लढाया गणवेश घालून पुन्हा उभ्या करणारे हौशी लोक ते विकत घेतात, नवं म्हणून, नव्याच्या भावात. आपला कारागीर तो पट्टा नवा म्हणूनच विकतो. मग तोच पट्टा इथे कुणीतरी चहाच्या पाण्यात बुडवतो, महिनाभर बागेत पुरतो, आणि "आजोबांच्या माळ्यावर सापडला" म्हणून दहापट किमतीला विकतो. फसवणूक नेमकी कुठे झाली? आपल्याकडचेही काहीजण ऑनलाइन सरळ 'ओरिजिनल' लिहून विकतात, ते चूकच आहे, मी त्यांची बाजू घेत नाही. पण ज्याने प्रामाणिकपणे शिवण घातली त्याच्यावर का ढकलता? आणि गिऱ्हाइकाला ओळखायचं कसं ते शिकायचंच नसेल तर त्यात कानपूर-आग्र्याचा काय दोष?

मी शिकले. दोन वर्षं लागली. ही बाटली, फेल्डफ्लाशं म्हणतात तिला, १९३१ची रचना. साधारण पाऊण लिटरच्या थोडी वर, ०.८ लिटर. अ‍ॅल्युमिनियमची, वरून तपकिरी जाड लोकरी फेल्टचं कव्हर, त्याला बाजूने टिचबटणं, आणि तोंडावर काळ्या रंगाचा अ‍ॅल्युमिनियमचा पेला उलटा बसवून चामड्याच्या पट्ट्याने आवळलेला. आधी कव्हर उतरवायचं आणि बाटलीच्या गळ्यापाशी बघायचं, तिथे बनवणाऱ्याची अक्षरं आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. पेल्यावर वेगळा शिक्का असतो आणि तो जुळलाच पाहिजे असं नाही, सैन्यात वस्तूंची अदलाबदल व्हायचीच. उलट सगळं अगदी जुळणारं, एकसारखं गंजलेलं दिसलं की मला आधी शंका येते. युद्ध लांबलं तसं अ‍ॅल्युमिनियम विमानांकडे गेलं आणि बाटल्या पोलादाच्या, एनॅमल दिलेल्या यायला लागल्या, आणि नावाच्या अक्षरांऐवजी आकड्यांचे लांबलचक कोड. गरम प्रदेशासाठी फेल्टऐवजी राळेत दाबलेल्या लाकडाचं कवच असलेली बाटली निघाली, तिला इथले संग्राहक 'नारळ' म्हणतात! हातात घेतली तर खरंच करवंटीसारखी लागते.

आणि सगळ्यात सोपी खूण: कुठे तेरा आकडी नंबर दिसला आणि त्यात पाचवा-सहावा आकडा १२ असला, तर ती वस्तू युद्धातली नाहीच. तो नाटोचा नंबर, १२ म्हणजे जर्मनी, आणि बुंडेसवेअर, म्हणजे आत्ताचं सैन्य, उभं राहिलं १९५५ला. कापडावर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारतात, नवा धागा निळापांढरा चमकतो. पण जुनं कापड नंतर कुणी आजच्या साबणाने धुतलं असेल तर तेही चमकतं, म्हणजे नुसत्या टॉर्चवर विश्वास ठेवू नये.

एक गोष्ट मात्र मला ह्या लोकांची मनापासून आवडते. पट्ट्याच्या बकलवर स्वस्तिक असेल (त्यांचं, आपलं नाही, हे इथे किती वेळा समजावलंय देव जाणे) तर त्यावर चिकटपट्टी लावलेली असते. ते नाझी चिन्ह जाहीरपणे दाखवणं जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, इतिहास-संशोधन-शिक्षणाला सूट. बाजारात वाद नाही, भाषण नाही, चिकटपट्टी. पण त्याच टेबलावर जमिनीतून उकरलेले सैनिकांचे ओळखबिल्ले विकायला असतात, ते बघवत नाही. बिल्ला मधोमध छिद्रं पाडलेला, लंबगोल. सैनिक गेला की अर्धा तोडून कळवायचं. जमिनीतून अख्खा निघाला म्हणजे बहुतेक त्याची खबर घरी कधी गेलीच नाही. अशा सैनिकांच्या नोंदी बर्लिनला बुंडेसआर्काइव्हमध्ये, म्हणजे सरकारी अभिलेखागारात आहेत, बिल्ला तिकडे कळवायचा, विकायचा नाही.

आता मला हे वेड का? कारण अशी एक बाटली आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, गोठ्याच्या खुंटीला लटकलेली मी लहानपणापासून बघितलीय. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, इटलीत होते. त्याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ला ज्या टायबर नदीच्या खोऱ्यात मरण आलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, त्याच मोहिमेत. इटलीत मोंतोनेला २०२३मध्ये घाडगेंचं स्मारक झालं तेव्हा मी इथे एकटीच रडले होते. (ह्याच ड्रेस्डेनजवळ क्योनिग्सब्रुकला नेताजींच्या सेनेतले आपलेच लोक जर्मन गणवेशात ट्रेनिंग घेत होते, आणि तिकडे आजोबा जर्मनांसमोर. दोघांबद्दलही मला वाईट बोलवत नाही.)

रविवारी काकांना व्हिडिओ कॉल केला. म्हटलं बाटलीचा गळा दाखवा. काका म्हणाले, "अगं लई कळकटलीय, थांब, चिंच लावून घासतो." मी इथून ओरडले, काका, अजिबात घासू नका! फेल्ट कधीच उंदरांनी खाल्लंय. त्याजागी आजीने जुन्या लुगड्याचं कापड गोधडीसारखं दुपदरी शिवलंय, हिरवं, काठासकट. पेला नाही, पट्टा नाही. काकांनी शिवण थोडी सरकवली, मोबाइलचा टॉर्च मारला. तीन अक्षरं नीट लागेनात, पण खाली ४१ स्वच्छ दिसलं.

"किती येतील गं ह्याचे?" काकांनी विचारलं. म्हटलं, अशा अवस्थेत फार नाही, आणि बाजारातला माणूस तर आधी लुगड्याचं कापड काढा म्हणेल.

"ते का काढायचं? ओलं केलं की पाणी गार राहतं," काका म्हणाले, आणि बाटली परत खुंटीला लावून आले.

पुढच्या शनिवारी त्याच स्टॉलवर जाणार आहे. मला १९४१चा काळा पेला हवाय.