बोटावरचा काजवा

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी चार ओळी लिहून पाठवा, असा मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी नाशिकला एका चौकात हायमास्ट उभा करून घेत होतो. धंदाच उजेडाचा. गॅदरिंग, सहली, कौलांची गळकी इमारत, सगळ्यावर लिहायचं ठरवलं होतं. पण पेन टेकवलं की विज्ञानाच्या सरांपाशीच येऊन थांबतं. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

1987 चा मे संपत आला होता. सुट्टी असूनही सरांनी नववीतल्या आम्हा अकरा जणांना शाळेत बोलावलं. नुकताच वळीव पडून गेला होता. प्रयोगशाळेत साठचा बल्ब लावून म्हणाले, "हात जवळ न्या, काय वाटतं ते सांगा." मी अतिशहाणा, थेट बोटच टेकवलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले! सरांनी माझं बोट तांब्यातल्या पाण्यात बुडवून धरलं आणि म्हणाले, "एवढी घाई कशाला रे? काजवे मी रात्री दाखवणारच होतो." पोरं हसून लोळली. पुढे वर्षभर माझं नाव 'काजव्या'च पडलं होतं.

रात्री ओढ्यापलीकडच्या हिरड्याखाली बसलो. टॉर्चला आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद गुंडाळलेला. सरांनी घड्याळ खिशात टाकलं. त्याचे रेडियमचे काटेसुद्धा त्यांना नको होते. एक काजवा माझ्या त्याच फोड आलेल्या बोटावर चढला. पोटाच्या टोकाला हिरवट-पिवळा उजेड, लुकलुक चालू, आणि चटका नाही! सर हळू आवाजात सांगत होते: बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, ते ल्युसिफरेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने ऑक्सिजनशी मिळतं आणि उजेड पडतो, उष्णता जवळपास नाहीच. उडत चमकतो तो बहुधा नर. मादी खाली गवतात बसून उत्तर देते. अळीपणी ओल्या पालापाचोळ्यात गोगलगायी खायच्या, आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही आठवडे जगायचं.

तेवढ्यात शिपाईमामा आमचं पिठलं-भाकरी घेऊन राजदूतवरून आले. हेडलाइटचा झोत झाडावर पडला आणि अख्खं झाड विझलं. मामा ओशाळले. आम्हाला वाटलं, सर आता चिडणार. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं. "मोजा रे, पहिला किती वेळाने लागतो!" चार मिनिटांनी एक लागला. पूर्ण झाड लागेपर्यंत आमच्या भाकरी संपल्या.

परवाच्या जूनमध्ये मुलीला घेऊन भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो. गाड्यांची रांग, प्रत्येकीचे दिवे चालू, वर मोबाइलचे फ्लॅश. मी घड्याळ लावलं. वीस मिनिटं झाली, रांग काही हलेना, झाडही लागेना. मुलगी म्हणाली, "बाबा, चला ना." दुसऱ्यांना काय बोलू? त्याआधीच्या वर्षी एका गावात राईला लागून आठ दिव्यांचं काम मीच केलं होतं. बिलही पूर्ण घेतलं.

कार्यक्रमाला सर येणार आहेत असं कळलं. पटांगणातल्या दिव्याचं काम शाळेने मला दिलंय. त्याला वरून काळं झाकण बसवलंय, उजेड खालीच पडेल असं. ओढ्याच्या बाजूचा दिवा लावलेलाच नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं, तिकडे अंधार का ठेवलात म्हणून. सर आले की तेच सांगतील, म्हटलं.