बँकॉकमध्ये कपड्यांच्या मागावर

बँकॉकला जाताना बॅगेत काय भरावं, याचं उत्तर सकाळच्या स्कायट्रेनमध्ये मिळतं. बाहेर घामाच्या धारा, पण डब्यातली माणसं इस्त्रीच्या कपड्यांत. कॉलेजची पोरंसुद्धा गणवेशात: पांढरा शर्ट, खाली काळा स्कर्ट किंवा पँट. सोमवारी पिवळे शर्ट जास्त दिसले तर नवल नको. तिथे प्रत्येक वाराला रंग आहे, सोमवारचा पिवळा, आणि आत्ताचे राजे व त्यांचे वडील दोघेही सोमवारी जन्मलेले. म्हणजे तोकडे, ढगळ कपडे घालणारे बहुतेक आपण पर्यटकच!

बँकॉकच्या राजवाड्यात (ग्रँड पॅलेस) स्लीव्हलेस आणि हाफ पँट चालत नाही. नियम पुरुषांनाही लागू आहे, हे आपली मंडळी विसरतात. ओढणी खांद्यावर टाकून काम भागेल असं समजू नका, बाहीचाच कपडा घाला. गेटबाहेर हत्तीछाप पायजमे मिळतात, पण तेच चातुचाक बाजारात स्वस्त पडतात (फक्त शनिवार-रविवारी जा, बाकी दिवशी बरीचशी दुकानं बंद असतात).

राजवाड्याचं तिकीट ५०० बात (थाई चलन). त्यातच आवारातलं राणी सिरिकित (आत्ताच्या राजांच्या आई) वस्त्रसंग्रहालय बघता येतं, तरी गर्दी सोनेरी शिखरांचे फोटो काढून निघून जाते. माझ्या मते एवढ्या पैशांत बघण्यासारखं खरं हेच. आज ज्याला आपण 'थाई पोशाख' म्हणतो, त्यातले बायकांचे बरेच प्रकार राणी सिरिकित यांच्या १९६०च्या परदेश दौऱ्यासाठी जुने नमुने अभ्यासून बसवले गेले.

त्याआधी बायका-पुरुष दोघंही 'चोंग क्राबेन' नेसायचे. लांब कापड कमरेला गुंडाळून पुढचा पीळ पायांमधून मागे खोचायचा, अगदी आपला काष्टा. पुरुष त्यावर पाच बटणांचा पांढरा बंद गळ्याचा कोट घालत. तो कोट राजा चुलालाँगकॉर्न यांच्या १८७२च्या हिंदुस्थान दौऱ्यातला, कोलकात्यात शिवलेला. त्याच दौऱ्यात ते मुंबईलाही आले होते. पुढे पंतप्रधान फिबून यांच्या सरकारने १९४१मध्ये फर्मान काढून लोकांना 'सुधारलेले' कपडे घालायला लावले, बायकांना स्कर्ट आणि हॅट. काष्टा रस्त्यावरून गेला तो तेव्हापासून.

आता तो परत दिसतो बँकॉकमधल्या वाट अरुण या देवळाच्या आसपास, भाड्याने. २०१८मध्ये आयुथ्थया या जुन्या राजधानीच्या काळावरची एक टीव्ही मालिका गाजली आणि थाई तरुणींनीच ही हौस सुरू केली, त्यामुळे परक्याने नेसलं तर कुणी नाक मुरडत नाही. सकाळी लवकर जा. दहानंतर खांद्यावरून घेतलेल्या 'सबाई' या शेल्याखाली जीव उकडतो. केस, दागिने आणि फोटोग्राफर यांचे पैसे वेगळे का, ते आधीच विचारून घ्या.

रोजच्या वापरातलं जुनं कापड बघायचं तर बँकॉक सोडा. उत्तरेत बायका अजून 'फा सिन' हे नळीसारखं शिवलेलं वस्त्र नेसतात, तिथल्याच फ्रे प्रांतात निळीत रंगवलेले 'मो होम' सदरे मिळतात. चौकड्यांचा 'फा खाव मा' मात्र सगळीकडे: पंचा, लुंगी, कमरपट्टा, बाळाची झोळी, सगळं एकच.

रेशीम घेताना मोराचा शिक्का बघा. सोनेरी मोर सर्वात वरच्या दर्जाचा. हिरवा असेल तर रेशमात दुसरा धागा मिसळलेला आहे, तेव्हा दुकानदार शुद्ध रेशमाचा भाव सांगत असेल तर पुढच्या दुकानात जा.